आसरा, गिंको आणि मी खोडलेली एक नोंद



पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा गेल्या आठवड्यात मेसेज आला, "ताई, रिसर्च मेथडॉलॉजीसाठी काय वाचू?" मी नेहमीची दोन पुस्तकं सांगितली आणि खाली लिहिलं, "वेळ मिळाला तर 'मुशिशी' बघ." तिने हसण्याची इमोजी पाठवली. जपानी ॲनिमे बघून पीएचडी मिळत असती तर आमच्या होस्टेलचा अर्धा मजला एव्हाना डॉक्टर झाला असता, हे मलाही मान्य आहे.

पण मी गंमत करत नव्हते. फील्डवर जाऊन लोकांशी बोलायचं, त्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं आणि त्यातून काहीतरी खरं शोधायचं, हे काम मला या मालिकेने जितकं दाखवलं तितकं कोर्सवर्कच्या तासांनी दाखवलं नाही. आणि ती जिथे चुकते, तिथे मीही तशीच चुकले होते. म्हणून आज तिचं परीक्षण करायचं आहे, पण बीड जिल्ह्यातल्या एका विहिरीच्या काठावर बसून.

आधी ती खोडलेली नोंद

माझं काम भूजलाचं. आमच्या जिल्ह्याचे ढोबळ दोन भाग पडतात. गोदावरीच्या बाजूची गंगथडी आणि बालाघाटचं पठार. पाटोदा, आष्टीकडच्या घाटावरच्या भागात खाली सगळा बेसाल्ट. या खडकात पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींत एकीला पाणी आणि दुसरी कोरडी, हे इकडे कुणाला नवल वाटत नाही. मी ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजत फिरते. टेप सोडायचा, आकडा लिहायचा, पुढची विहीर.

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात एका गावाच्या कडेच्या जुन्या, पायऱ्यांच्या विहिरीवर मी टेप सोडत होते. सरपण घेऊन चाललेली एक आजी थांबली. "काय करायलीस गं पोरी? भर बाराला त्या हिरीवर नगं बसू. आसरा हायत तिथं. दुपारच्याला पाणी पितेत त्या. खाली जातं पाणी." मी विचारलं, "रोज?" ती म्हणाली, "रोज कुठं. कवा कवा."

साती आसरा म्हणजे काय ते इथल्या वाचकांना सांगायला नको. विहिरीच्या, नदीच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड, हळदकुंकू, हिरवा खण, नैवेद्य. 'अप्सरा' या शब्दावरून 'आसरा' आलं असं मानतात. माझ्या वहीत मी आजीचं वाक्य लिहिलं आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्यावर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं: "अंधश्रद्धा, नोंद नको."

ही रेघ लक्षात ठेवा. आता मालिकेकडे येऊ.

'मुशिशी' म्हणजे काय

युकी उरुशिबारा या लेखिका-चित्रकर्तीची ही मांगा १९९९ ते २००८ या काळात जपानी नियतकालिकात येत होती. पुस्तकरूपात तिचे १० खंड झाले. २००६ मध्ये तिला कोदान्शाचा मांगा पुरस्कार मिळाला. हिरोशी नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेली २६ भागांची ॲनिमे २००५-०६ मध्ये आली आणि २०१४ मध्ये तिचं पुढचं पर्व आलं.

काळ काल्पनिक आहे, एदो आणि मेइजी यांच्या मधला कुठला तरी. गाडी नाही, वीज नाही. डोंगर, भातखाचरं, बर्फात अडकलेली गावं. पांढऱ्या केसांचा आणि एकच हिरवा डोळा असलेला गिंको पाठीवर लाकडी पेटी घेऊन गावोगाव फिरतो. तो 'मुशिशी' आहे, म्हणजे मुशींचा जाणकार. जपानीत 'मुशी' म्हणजे किडा. पण जुन्या जपानी समजुतीत माणसाच्या अंगातही मुशी असतात. पोर किरकिर करतं ते मुशीमुळे, आणि काही घडणार याची आधीच चुणूक लागली तर ती मुशीने दिलेली खबर. उरुशिबाराने हा शब्द घेतला आणि त्यातून प्राणी नाही, वनस्पती नाही, भूतही नाही असं एक अख्खं जीवविश्व रचलं.

बऱ्याचशा मुशी तिच्या स्वतःच्या कल्पनेतल्या आहेत, पण माती लोककथांची आहे. पुराच्या देवाला बळी, माणसातला जिवंत देव, तळ्यातले एकाक्ष मासे. शेवटची कथा तर जपानात खरोखर अनेक तळ्यांबद्दल सांगतात.

तुम्ही 'डेमन स्लेयर' बघितलं असेल. तिथे राक्षस दिसला की तलवार निघते. 'मुशिशी'त तलवार नाही. गिंको गावात येतो, बसतो आणि विचारतो. पहिल्या वेळी मला ही मालिका संथ वाटली होती. तिसऱ्या भागाला झोपही लागली. फील्डवर वर्ष काढल्यावर पुन्हा बघितली तेव्हा कळलं की तो संथपणा म्हणजेच कामाचा वेग आहे.

गिंको तक्रार कशी ऐकतो

ज्या तिसऱ्या भागात मी झोपले होते, तोच आता उदाहरणाला घेते. बर्फाने गाडलेलं एक गाव. तिथल्या लोकांना एका कानाने ऐकू येईनासं झालंय. पण एका मुलाची तक्रार उलटी आहे. त्याला नको इतके आवाज येतात आणि त्याच्या कपाळावर शिंगं फुटली आहेत. आपल्याकडे असं झालं असतं तर मुलाला एकतर देवाला सोडलं असतं किंवा बाहेरची बाधा म्हणून धूर दिला असता.

गिंको आधी बाकीच्यांचे कान तपासतो. आवाज खाणारी एक मुशी कानात बसलेली असते. तिच्यावर मिठाच्या पाण्याचा साधा उपाय चालतो. मग तो मुलाकडे वळतो, आणि त्याच्या बाबतीत कारणच वेगळं निघतं. पहिली मुशी आवाज खाते, त्यातून शांतता उरते. ती शांतता खाणारी दुसरी मुशी मुलात आहे. एकाच गावातल्या, एकाच हिवाळ्यातल्या दोन तक्रारी. एकमेकींशी जोडलेल्या, पण उपाय एक नाही. आणि मुळात हे का घडलं? एरवी रानात राहणाऱ्या या मुशी बर्फाने आवाज शोषल्यामुळे खायला काही न उरून माणसांकडे वळलेल्या.

संशोधनाच्या भाषेत बघा. लोकांची तक्रार त्याने खरी मानली. लोकांनी दिलेलं कारण मात्र बाजूला ठेवलं. सगळ्यांना एका खान्यात न कोंबता वेगळी दिसणारी केस वेगळी ठेवली. आणि शेवटी परिसरात काय बदललं हे विचारलं. यातली पहिली पायरी सर्वांत अवघड आहे. आपण विज्ञान शिकलेली मंडळी 'कारण पटत नाही' आणि 'घटना घडली नाही' या दोन वाक्यांत फरक करत नाही. माझी आडवी रेघ म्हणजे हेच होतं.

चौथ्या भागात मालिका याच्या पुढे जाते. जिन नावाच्या माणसाला पडलेली स्वप्नं खरी होतात. गाव त्याच्या सल्ल्याने चालतं, लोक खूश आहेत. गिंकोला मुशी ओळखू येते, तो औषध देऊन पुढे जातो. परत येतो तेव्हा गाव संपलेलं असतं. तेव्हा उलगडतं की जिन भविष्य बघत नव्हता. त्याच्या उशीत राहणारी मुशी स्वप्नातलं बाहेर आणत होती. म्हणजे पुढे पूर येणार म्हणून पूर स्वप्नात दिसला असं नाही, तर स्वप्नात दिसला म्हणून आला.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक तुम्ही पेटच्या पहिल्या पेपरसाठी पाठ केलाय. बाण कुठल्या दिशेचा आहे हे चुकलं तर काय होतं, ते या भागाइतकं भयंकर मी कुठे बघितलं नाही. गिंको तज्ज्ञ होता, त्याचं निदानही अर्धं बरोबर होतं. नाव बरोबर सांगितलं म्हणजे यंत्रणा कळली असं नसतं. नायकाला एवढी मोठी चूक करू देणारी मालिका मला म्हणूनच विश्वासाची वाटते.

विहिरीवर परत

दुसऱ्या वर्षी डेटा लावायला बसले तेव्हा त्या पायऱ्यांच्या विहिरीचे आकडे कुठे बसेनात. एका फेरीत सकाळी मोजलेलं, एका फेरीत दुपारी, आणि दोन्हींत जो फरक होता तो ऋतूने समजावता येईना. मी काय केलं असेल? आउटलायर म्हणून दोन आकडे काढून टाकले. आलेख छान दिसायला लागला.

त्याच आठवड्यात रात्री पुन्हा 'मुशिशी' लावली होती. चौथा भाग संपला आणि मला वहीतली रेघ आठवली. "दुपारच्याला खाली जातं पाणी. कवा कवा."

पुढच्या फेरीत मी त्या विहिरीवर सकाळी सातला जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला टेप सोडला. अकरानंतर पाणी उतरायला लागलं, दुपारी ते सकाळपेक्षा हातभर खाली होतं आणि दिवेलागणीला बरंचसं परत आलं. विहिरीवर मोटर नाही. दोन बांध सोडून एक बोअर आहे. दिवसपाळीची लाईट असलेल्या आठवड्यात तो बोअर दिवसा चालतो, रात्रपाळीच्या आठवड्यात रात्री. खडकातल्या भेगांनी बोअर आणि विहीर आतून जोडलेल्या. बोअर ओढतो, विहीर उतरते. "कवा कवा" म्हणजे लाईटचं वेळापत्रक. रात्रपाळीच्या आठवड्यात पुन्हा जाऊन दुपारी मोजलं, तर पाणी जागेवर.

आजीने जे बघितलं ते अचूक होतं, माझ्या आलेखापेक्षा जास्त. मी आकडे फेकले, तिने ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवले.

इथे थांबा, व्हॉट्सॲप नको

इथपर्यंत वाचून तुमच्यातल्या कुणीतरी मनात म्हटलं असेल, "बघा, आपल्या पूर्वजांना सगळं विज्ञान माहीत होतं." कृपया नको. हा मोह आडव्या रेघेइतकाच घातक आहे.

मी आजीला विचारलं, हे दुपारचं उतरणं कधीपासून? ती म्हणाली, मधल्या दुष्काळापासून. बोअरही त्याच सुमारास पाडलेला. म्हणजे आसरांची गोष्ट जुनी, तिच्या आजेसासूच्या आधीची. पण "दुपारी पाणी पितात" हे कलम नवं होतं. तिने नवीन निरीक्षण केलं आणि ते ठेवायला हाताशी असलेल्या जुन्या पेटीत ठेवलं. पूर्वजांनी आसरांमध्ये भूजलशास्त्र लपवलं नव्हतं. एका जिवंत बाईने डोळे उघडे ठेवले होते, त्याचं श्रेय पूर्वजांना देऊन तिच्याकडून काढून घेऊ नका. लोककथा दगडात गाडलेलं जीवाश्म असते असं आपण धरतो. या विहिरीवर ती चालू वहीसारखी होती, कालपरवापर्यंत नोंदी होत असलेली.

श्रेय कसं वाटलं जातं याचं एक जवळचं उदाहरण देते. बीड शहराजवळची खजाना विहीर तुम्हाला माहीत आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली, जमिनीखालच्या कालव्यांची. "हिचं पाणी कधी आटत नाही" हे जिल्ह्यात प्रत्येकाने ऐकलेलं असतं. हे वाक्यही लोकांच्या तोंडचंच. पण तिथे आपण लगेच 'स्थापत्य' म्हणतो, सहली नेतो, प्रोजेक्ट करतो. कडेच्या गावातल्या आजीने विहिरीबद्दल काही सांगितलं की मात्र 'अंधश्रद्धा, नोंद नको'.

जपानमध्ये या प्रश्नाची तीन उत्तरं तीन माणसांनी दिली. इनोए एन्र्यो या विचारवंताने मेइजी काळात भुताखेतांच्या कथा हजारोंनी जमवल्या, त्या विज्ञानाने खोडून काढण्यासाठी. यानागिता कुनिओने १९१० मध्ये 'तोनो मोनोगातारी' छापलं आणि खरं-खोटं न करता एका भागातल्या कथा नोंदवल्या. तिसरा मिनाकाता कुमागुसू. हा श्लेष्मकवकांचा अभ्यासक, म्हणजे धड प्राणी नाही, धड बुरशी नाही अशा जीवांचा, आणि त्याच वेळी लोककथांचाही. त्याची टिपणं 'नेचर'मध्ये छापून येत. सरकारने छोटी देवळं एकत्र करून त्यांची राईवनं मोकळी करायला घेतली, तेव्हा त्याने विरोध केला. देऊळ गेलं की झाडी जाते, झाडी गेली की त्यातले जीव आणि लोकांच्या रीती दोन्ही जातात, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे पहिल्या वाटेवर अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ आहे, दुसऱ्या वाटेवर दुर्गा भागवत आणि रा. चिं. ढेरे यांचं काम आहे. तिसऱ्या वाटेवर गर्दी कमी आहे. गिंको मला या तिसऱ्या वाटेवरचा वाटतो. "हे खरं का खोटं" किंवा "लोक काय मानतात" याआधी तो विचारतो, "इथे नेमकं काय घडतंय?"

मालिका कुठे कमी पडते

आता टीका. पहिली सोपी आहे. गिंकोच्या जगात मुशी खरोखर असतात. त्यामुळे लोकांचं म्हणणं ऐकलं की शेवटी काहीतरी सापडतंच. आपल्या जगात आसरा नाहीत. कधी बोअर सापडतो, कधी काहीच सापडत नाही, आणि कधी फक्त माणसाचा कावा सापडतो. वीस-बावीस मिनिटांत उत्तर हातात येण्याची सवय लावून घेऊ नका. माझ्या दुसऱ्या एका विहिरीचे आकडे अजून कुठे बसत नाहीत.

माणसाचा कावा मालिकेला माहीत आहे, हे कबूल करायला हवं. सहाव्या भागात एका बेटावर अकोया नावाची मुलगी आहे. ती एका दिवसात म्हातारी होते, मरते आणि सकाळी पुन्हा जिवंत होते. मुशीचा परिणाम. पण तिच्या बापाने तिला 'जिवंत देव' करून बेट मुठीत ठेवलंय. हा भाग बघताना मराठी माणसाला बुवाबाजी आठवणारच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर आला. त्यांचा रोख श्रद्धेच्या नावाने होणाऱ्या शोषणावर होता. आमच्या मराठवाड्यात भानामतीच्या नावाने बायकांचे किती हाल झाले हे ज्याने ऐकलंय, तो 'लोकांचं ऐकून घ्या' हे वाक्य इतक्या सहज म्हणणार नाही. ऐकून घ्यायचं, पण त्या गोष्टीने कुणाचा गळा आवळला जातोय हेही बघायचं.

त्याच भागाचा शेवट मात्र अवघड आहे. गिंको मुशी काढतो, मुलगी बरी होते, आणि तिला समोरचं लांबलचक आयुष्य झेपत नाही. रोजचा भरलेला एक दिवस तिला परत हवा असतो. ती परत तिकडेच जाते. भ्रम दूर केला की माणूस आपोआप मोकळा होतो, असं मानणाऱ्यांनी हा शेवट दोनदा बघावा.

दुसरी टीका मात्र गंभीर आहे, आणि ती मला सुचली नाही. मला ऐकवली गेली.

त्या गावात माझं आडनाव ऐकून पहिल्याच दिवशी पाटलांच्या ओसरीवर चहा आला होता. मी ज्यांना आसरांबद्दल विचारलं ते सगळे वरच्या आळीतले. तिसऱ्या फेरीला टेपची पेटी उचलायला मदत करणारे एक आजोबा खालच्या वस्तीतले निघाले. मी सहज विचारलं, "बाबा, तुम्ही कधी बघितलं का दुपारी पाणी उतरताना?" ते हसले. "तुमच्या तिकडच्या लोकायला आसरा दुपारच्याला दिसतेत. आमाला तर त्या हिरीवर बाराही घंटे आसरा होत्या. पायरीवर पाय ठिवला की गाव अंगावर यायचं."

मी वही बंद केली. काय लिहावं सुचेना.

महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी पाणी प्यायलं ते २० मार्च १९२७ रोजी. मी हे शाळेपासून दर वर्षी ऐकत आलेय. आणि तरीही पाणवठ्यावर पीएचडी करताना 'या विहिरीवर कोण येऊ शकत होतं' हा प्रश्न माझ्या प्रश्नावलीत नव्हता. आजीचं निरीक्षण अचूक होतं कारण तिला त्या विहिरीवर रोज उभं राहता येत होतं. ज्यांना येत नव्हतं त्यांच्याकडे त्या विहिरीचं कुठलंच निरीक्षण असणार नाही, आणि असलं तर ते वेगळंच असेल. सॅम्पलिंग बायसची व्याख्या मला तोंडपाठ होती. ती माझ्या आडनावाला चिकटलेली आहे हे माहीत नव्हतं.

आता 'मुशिशी'कडे पुन्हा बघा. पाचव्या भागात इओ नावाची मुलगी आहे. पुराच्या देवाला शांत करायला गावाने तिला पाण्यात दिलेलं असतं. एक सरकती दलदल तिला वाचवते आणि ती त्या दलदलीबरोबर समुद्राकडे निघते. फार सुंदर भाग आहे. पण इओच का? तिलाच कुणी निवडलं? भागाला यात फारसा रस नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात ठिकठिकाणी सांगतात ती कथा आठवा: तळं खोदलं, पाणी लागेना, मग बळी दिला. कुणाचा? बहुतेक वेळा सुनेचा. घरात बाहेरून आलेली, जिच्या बाजूने बोलणारं तिथे कुणी नाही ती. लोककथेत कुणाचा जीव स्वस्त धरलाय हे बघितलं की त्या गावाची उतरंड कळते. उरुशिबाराची गावं गरीब आहेत, भुकेली आहेत, पण आतून जवळजवळ एकसारखी आहेत. निसर्ग आणि माणूस यांच्यातलं नातं ती विलक्षण बारकाईने बघते. माणूस आणि माणूस यांच्यात पाणी कसं वाटलं जातं, इकडे तिची नजर क्वचित जाते. म्हणून तिचा गिंको कुठल्याही दारात जाऊ शकतो आणि त्याला सगळीकडे सारखाच चहा मिळतो. तुम्हाला आणि मला मिळणार नाही.

मग बघायची का?

हो, जरूर बघा. फक्त घाई करू नका, एका बैठकीत एकच भाग. आणि विसावा भाग सिनॉप्सिस लिहिण्याआधी बघा. त्यात तान्यू नावाची तरुणी आहे. तिच्या पायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक मुशी बंदिस्त आहे, पाय शाईसारखा काळा. मुशिशी लोक येऊन तिला अनुभव सांगतात, ती ते लिहिते, आणि लिहिताना तिला वेदना होतात. बहुतेक जण मुशी कशी मारली ते सांगतात. तान्यूला त्या मारण्याच्या कथांचा शीण येतो. गिंको मात्र तिला मुशी न मारल्याच्या गोष्टी सांगतो.

थिसीस म्हणजे तान्यूची खोली. आपल्याआधीच्या लोकांनी सांगितलेलं तिथे रचून ठेवलेलं असतं. त्यात आपण काय घालतो आणि काय खोडतो याला किंमत असते. ती आपण मोजतो की दुसरं कुणी, एवढाच प्रश्न.

मी आता वहीत तीन रकाने आखते. पहिल्यात: माणसाने काय बघितलं, कधी, किती वेळा. दुसऱ्यात: त्याने त्याचं काय कारण सांगितलं, त्याच्याच शब्दांत. तिसऱ्यात: हे कुणी सांगितलं, तो तिथे कसा पोचला, आणि मी कुणाला विचारलंच नाही. पहिला रकाना मोजून तपासता येतो. दुसरा खोडायचा नाही, मानायचाही नाही. तिसरा सर्वांत रिकामा राहतो, आणि तोच भरायला परत जावं लागतं. तुमचा विषय भूजल नसेल, पिकांवरची कीड असेल, औषधी वनस्पती असतील, शाळागळती असेल, तरी हे चालेल. प्रपोजलच्या मुलाखतीत "डेटा कसा गोळा करणार?" असं विचारलं की हे तीन रकाने सांगून बघा.

ती खोडलेली नोंद मी नव्या पानावर पुन्हा लिहिली. काढून टाकलेले दोन आकडेही परत घातले. आलेख आता तितका छान दिसत नाही.

मागच्या महिन्यात आजी भेटली. मी मोठ्या उत्साहाने तिला बोअर, भेगा, लाईटची पाळी सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "बोर व्हय? बरं. अन्‌ बोरला पाणी कोन देतंय?"

मंडळी, पुनर्भरण हे माझ्या थिसीसचं पाचवं प्रकरण आहे. ते अजून लिहून झालेलं नाही.